सून, जुन्या अर्थाने

रामटेके सर गेल्याचं मला कॉलेजच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळलं. कोणीतरी त्यांचा ओळखपत्रावरचा फोटो कापून, भोवती पिवळ्या फुलांची चौकट लावून टाकला होता, आणि खाली इंग्रजीत लिहिलं होतं, 'गॉन टू सून'. फार लवकर गेले. त्याखाली चाळीसेक जणांनी हात जोडले होते. मीही जोडले. जोडून झाल्यावर नजर त्या शेवटच्या शब्दावर गेली आणि मी फोन पालथा घातला.

दुसऱ्या दिवशी प्राचार्य मॅडमनी बोलावून सांगितलं, "बाबू, शोकसभेसाठी दोन ओळींचा इंग्रजी ठराव टाइप करून आणा. त्या फोटोखालचंच वाक्य घ्या. छान आहे."

"आणून राहिलो मॅडम," मी म्हणालो आणि टेबलाशी येऊन बसलो. ठराव अजून व्हायचा आहे. त्याच्याऐवजी हे लिहून राहिलो.

मी नागपूरच्या नंदनवन भागातल्या एका कॉलेजात बाबू आहे. आमच्या कार्यालयाच्या आणि चार नंबरच्या वर्गाच्या मध्ये प्लायवूडची भिंत आहे, आणि त्या वर्गात सोळा वर्षं रामटेके सरांनी इंग्रजी शिकवलं. माझं सगळं इंग्रजी असं प्लायवूडमधून गाळून आलेलं आहे, त्यामुळे त्यात थोडा भुसा असतो.

सर रोज उमरेडहून एसटीने यायचे. दिघोरी चौकात उतरायचे आणि तिथून पायी. सडपातळ माणूस, शर्ट कायम खोचलेला, डाव्या मनगटावर किल्लीचं जुनं घड्याळ, काच आतल्या बाजूला. वेळ बघायची तर मनगट वळवावं लागे, जणू स्वतःचीच नाडी बघतात. ते तासिका तत्त्वावर होते. म्हणजे जितके तास शिकवाल तितकाच वेळ तुम्ही नोकरीत. घंटा झाली की तुम्ही पाहुणे, आणि मे महिन्यात तर तुम्ही जन्मलाच नाहीत. इंग्रजीची एक कायम जागा कॉलेजात रिकामी होती. ती राखीव होती, सर कागदोपत्री तिच्यात नीट बसत होते. फक्त कोणी बसवत नव्हतं. त्या जागेवर कायम होणं, एवढी एकच गोष्ट सरांना या कॉलेजाकडून हवी होती.

त्यासाठी त्यांनी माझ्या लोखंडी कपाटात एक पांढरा शर्ट ठेवला होता. प्लास्टिकच्या पिशवीत, इस्त्री केलेला. "कधी बोलावतील सांगता येत नाही, बाबू. बसमध्ये कोंबड्या असतात, कोळशाची धूळ असते. आदेश हाती घ्यायचा तं माणूस साफ दिसला पाहिजे." दर दिवाळीच्या सुटीआधी शर्ट घरी न्यायचे, त्यांच्या मिसेस तो धुऊन इस्त्री करून द्यायच्या, आणि सुटीनंतर पिशवी पुन्हा कपाटात. मिसेसचं उमरेडला साडीला फॉल-पिको करण्याचं दुकान आहे. मी एकदा फोनवर त्यांना वहिनी म्हटलं तर म्हणाल्या, "भाऊजी, तो शर्ट अंगात घालायचा आहे की पिशवीतच म्हातारा करायचा आहे, तेवढं विचारून सांगा."

सरांच्या बोलण्यात एक शब्द कधी यायचा नाही. 'लवकर'. 'लवकरच' तर नाहीच. "साडेअकराले येतो," म्हणायचे आणि साडेअकराला यायचे. "कधी देता पेपर तपासून?" विचारलं तर, "गुरुवारी, दुपारच्या बसआधी." मला वाटायचं हा मास्तरी शिस्तीचा प्रकार असेल. कारण कळलं ते एका खडूमुळे, आणि त्यात माझी फजिती झाली.

त्या दिवशी वर्गात क्रियाविशेषणं चालू होती. सरांनी फळ्यावर 'सून' लिहिलं आणि वर्ग फिसकन हसला. मराठी पोरांना ते हसू फुटणारच. सर म्हणाले, "हसा. ही इंग्रजांच्या घरची सून आहे. हजार वर्षांपूर्वी त्या घरात आली तेव्हा तिचा अर्थ 'लवकर' नव्हता. तिचा अर्थ होता 'आत्ता, या क्षणी'. हाक मारली की पोरगी हजर. मग बिघडली कशी?"

वर्ग गप्प. भिंतीच्या अलीकडे मीही गप्प, कारण तोंडात तंबाखू-सुपारीचा खर्रा होता.

"सासरच्यांनी बिघडवली. रोज तिला दारात उभी करून खोटं बोलायले लावलं. बाहेर माणूस ताटकळून राहिला आणि आतून हुकूम, सांग त्याले, आत्ता येतो म्हणून. ती सांगायची, आत्ता. आणि हा आतमध्ये जेवून राहिला, झोपून राहिला. असं शेदोनशे वर्षं चाललं. मग लोकांनी ओळखलं, की ही 'आत्ता' म्हणते म्हणजे 'कधीतरी'. शब्द खोटा नव्हता. खोटं बोलून बोलून त्याचा अर्थच तसा झाला."

मग ते म्हणाले, की त्या लोकांनी दुसरे शब्द आणले. 'अ‍ॅनॉन' आणला, त्याचाही मूळ अर्थ तत्क्षणी. तो नासला. 'प्रेझेंटली' आणला, म्हणजे आत्ता हजर असलेल्या क्षणी. तोही लांबला. "एक सून बिघडली म्हणून दुसरी आणली, तिसरी आणली. घर तेच, सासरचे तेच. आता मराठीत दाखवतो," आणि त्यांनी प्लायवूडवर टकटक केली. "बाबू, खडू संपला. एक पाठवता का?"

"पाठवून राहिलो सर," मी तोंड वर करून म्हणालो.

इथे परक्या गावच्या वाचकासाठी सांगतो, की आमच्या नागपूरकडे 'येऊन राहिलो' म्हणणारा माणूस बहुतेक घरी आंघोळीला पाणी काढत असतो. मी खर्रा संपवला. एक दाखला टाइप केला. फोन आला, तो घेतला. मग खडूची आठवण झाली, तेव्हा डबा घेऊन वर्गात गेलो. पाऊणशे पोरं हाताची घडी घालून शांत बसलेली. सर मनगट वळवून घड्याळात बघत होते. मी आत पाऊल टाकलं आणि ते म्हणाले, "तेवीस मिनिटं. लिहून घ्या. नागपुरात 'पाठवून राहिलो' म्हणजे तेवीस मिनिटं. उद्या पंचवीस होतील. असा अर्थ बदलते."

वर्गाने टाळ्या वाजवल्या. मी खडूचा डबा छातीशी धरून, बक्षीस मिळाल्यासारखा वाकून नमस्कार केला. दुसरं काय करणार. सरांच्या ओळखीला सुरुवात झाली ती तिथून. त्यांच्या तोंडी माझ्या 'तुम्ही'चं 'तू' झालं.

दुपारच्या चहाला ते टपरीवर यायचे. स्वतःबद्दल फार बोलत नसत. वडील हातमागावर विणायचे, एवढं मला माहीत होतं. एकदा म्हणाले, "माह्या बापाचा एक नियम होता. धागा तुटला की माग थांबवून तिथल्या तिथं जोडायचा. मग जोडू म्हटलं की ते कापडात दिसते." आणि एकदा आजोबांचं सांगितलं. छप्पन्न साली दीक्षेला आजोबा उमरेडहून पायी नागपूरला आले होते. कोणी म्हणालं होतं, गर्दी लय आहे, पुढच्या वर्षी जाऊ. ते म्हणाले होते, निघालो. आणि चप्पल नव्हती, तर तसेच निघाले. सरांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "आमच्या घराण्यात ताबडतोब झालेलं तेवढं एकच काम आहे, बाबू. बाकी सगळं होऊन राहिलं आहे."

'होऊन राहिलं' हा संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब यांचा खास शब्द. दादासाहेब गोड माणूस. दर जूनमध्ये सर त्यांच्या केबिनमध्ये उभे राहायचे आणि दादासाहेब खुर्चीवरून अर्धे उठून म्हणायचे, "या सर, या. तुमचं तं होऊनच राहिलं. फाइल वर गेली आहे. लवकरच." मी रजिस्टर घेऊन बाजूला उभा असायचो. फाइल वर गेली होती हे खरं होतं. माझ्या कपाटाच्या वरच्या फळीवर, शर्टाच्या शेजारी. तिच्यावर सही करून ती खरोखर वर पाठवायचं काम दादासाहेबांचं, आणि त्यांच्या मनात त्या जागेसाठी वेगळा कोणी असावा, अशी कुजबुज होती. मला पक्कं माहीत नाही. मला एवढंच माहीत, की मी दर जूनमध्ये मान हलवायचो.

बाहेर आल्यावर सर म्हणायचे, "होऊन राहिलं हा चालू वर्तमानकाळ आहे, बाबू. याच्यात काम चालू असते. संपत नाही."

एका स्नेहसंमेलनात दादासाहेबांनी भाषणातच इंग्रजीत जाहीर केलं, की आमचे रामटेके सर लवकरच कायम होणार. आभार मानायला सर उभे राहिले, आणि इंग्रजीत म्हणाले, की अध्यक्षांनी 'सून' हा शब्द वापरला आहे, मी तो त्याच्या जुन्या, शुद्ध अर्थाने घेतो आणि उद्या सकाळी अकरा वाजता कार्यालयात हजर होतो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात दादासाहेबांनी. मी एकटा हसलो आणि मॅडमनी डोळे वटारले. दुसऱ्या दिवशी अकराला सर खरंच आले, पांढरा शर्ट घालून. दादासाहेब गावाला गेले होते. सरांनी अकरा वाजून पाच मिनिटांपर्यंत वाट पाहिली, शर्ट बदलला, घडी करून पिशवीत घातला आणि तासावर गेले.

आता माझं सांगतो. इतका वेळ टाळलं.

एका वर्षी वरच्या कार्यालयातून थेट पत्र आलं. राखीव जागांचा अनुशेष भरायचा आहे, पात्र उमेदवारांची माहिती सोबतच्या इंग्रजी नमुन्यात पाच वाजायच्या आत ईमेलने पाठवा. पत्र आलं दुपारी दोनला. दादासाहेबांना विचारायची सोयच ठेवली नव्हती, त्यामुळे पहिल्यांदाच फाइल खरोखर वर जाणार होती. सर त्या दिवशी नव्हते. वहिनींच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं. सरांना फोन करायची गरज मला वाटली नाही, सगळी माहिती माझ्याच कपाटात होती. मी एकेक रकाना भरत गेलो. नाव, शिक्षण, अनुभव. शेवटचा रकाना होता, उमेदवार केव्हा रुजू होऊ शकेल.

ताबडतोब. हे मला माहीत होतं. शर्ट इस्त्री करून तयार होता. पण ताबडतोबला इंग्रजीत जो लांबलचक शब्द आहे, त्यात 'एम' एक की दोन, हे मला आजन्म कळलेलं नाही. एक घातला, खाली लाल रेघ आली. दोन घातले, तरी लाल रेघ, कारण पुढे आणखी कुठेतरी घसरलो होतो. चार वाजून चाळीस मिनिटं. तेव्हा माझ्या डोक्यात प्लायवूडमधून प्रकाश पडला. सून. मूळ अर्थ, या क्षणी. चार अक्षरं, स्पेलिंग चुकायची सोय नाही. आणि सरांना दाखवीन तेव्हा सर खूश होतील, की बाबूनं शिकवलेलं लक्षात ठेवलं. मी ठळक मोठ्या अक्षरांत 'सून' लिहिलं. मॅडमनी सही केली. मी टाइप केलेलं त्या वाचत नाहीत, हा त्यांचा माझ्यावरचा विश्वास. मीही वाचत नाही, हा माझा.

पंधरा दिवसांनी यादी लागली. सरांचं नाव नव्हतं. मी वरच्या कार्यालयात फोन लावला. तिथला बाबू म्हणाला, "तुमचा उमेदवार सध्या मोकळा नाही ना? 'सून' लिहिलं आहे. जे ताबडतोब येतात ते पहिल्या यादीत घेतले."

"अहो, त्याचा अर्थ ताबडतोबच होते."

"कोणत्या डिक्शनरीत?"

"जुन्या."

तो फोनमध्येच हसला. मग म्हणाला, "काहून मजाक करून राहिले, भाऊ. दुसरी यादी लवकरच लागेल," आणि फोन ठेवला. दुसरी यादी लागायच्या आत सगळीकडची भरती थांबली.

सरांना मी टपरीवर सांगितलं. तयारी करून गेलो होतो, पण तोंडून सरळ कबुलीच आली. त्यांनी मध्ये एकही प्रश्न विचारला नाही. "ऑफिस कॉपी आहे का?" एवढंच. मी खिशातून काढून दिली. त्यांनी चष्मा पुसला, कागद लांब धरला, शेवटच्या रकान्यापर्यंत वाचला.

"शब्द बरोबर आहे," ते म्हणाले. "तुले हजार वर्षं उशीर झाला."

मी म्हणालो, "सर, शिव्या द्या. दोन झापडा मारा. पण असे शांत नका राहू."

"तुले झापड मारणं लय सोपं आहे गा. म्हणून नाही मारत." त्यांनी कागदाची घडी केली. "आजपासून सारे म्हणतील, बाबूनं घोळ केला. इतकी वर्षं ज्यांनी 'लवकरच' म्हटलं, त्यांच्यावर मले रागावता आलं नाही. आता तुह्यावर रागावलो तं ते सुटतात."

ते सुटलेच. दादासाहेब दुसऱ्याच आठवड्यात केबिनमध्ये हळहळले, "मी तं करूनच राहिलो होतो सर. आपल्या बाबूनं..." आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मीही सवयीने हलवली.

मग मी वरच्या कार्यालयाला दुरुस्तीचं पत्र लिहिलं. तो लांबलचक शब्द डिक्शनरीतून एकेक अक्षर उतरवून काढला. 'एम' दोन आहेत. दीड महिन्याने उत्तर आलं, एका ओळीचं, इंग्रजीत, की आपल्या विनंतीचा विचार 'सून' करण्यात येईल. मी ते सरांपुढे ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "हे नवीन अर्थानं आहे." आणि हसले. ते हसू मला त्यांच्या शांतपणापेक्षा जास्त लागलं.

त्या वर्षी क्रियाविशेषणांचा धडा आला तेव्हा मी मुद्दाम टायपिंग थांबवून कान भिंतीला लावला. फळ्यावर खडू चालला. कोणी हसलं नाही, म्हणजे शब्द अजून आला नव्हता. मग एक मुलगी म्हणाली, "सर, पुस्तकात 'सून' आहे. मोठ्या ताईनं सांगितलं तुम्ही त्याची गोष्ट सांगता."

फळ्यावरचा खडू थांबला.

"सून म्हणजे लवकर," सर म्हणाले. "एवढंच लिहा. परीक्षेत एवढंच येते."

त्यानंतर ते तीन वर्षं शिकवत होते. वेळेवर यायचे, वेळेवर जायचे. चहाला यायचे, पैसे आळीपाळीने द्यायचे. शर्ट मात्र दिवाळीला घरी न्यायचे थांबले. मी एकदोनदा आठवण केली, तर म्हणाले, "राहू दे. साफच आहे."

मग एका जूनमध्ये नवीन वेळापत्रक मी टाइप केलं आणि त्यात इंग्रजीपुढे एका नव्या मुलाचं नाव होतं. तोही तासिका तत्त्वावरच. सरांना कोणी काढलं नाही. तासिका तत्त्वावरच्या माणसाला काढावं लागत नाही, त्याचं नाव पुढच्या कागदावर येत नाही एवढंच. मी हळूच फोन करून सांगितलं. "उद्या साडेबाराले येतो," ते म्हणाले, "शर्ट न्यायले."

साडेबाराला आले. मी कपाट उघडून पिशवी दिली. प्लास्टिक कडक झालं होतं आणि शर्टाच्या घडीवर पिवळी रेघ पडली होती, अगदी सरळ, पट्टीने ओढल्यासारखी. कॉलेजात निरोप वगैरे काही नव्हतं. मीच म्हणालो, सर, दिघोरीपर्यंत सोडतो. स्कूटरवर मागे बसून त्यांनी पिशवी दोघांच्या मध्ये धरली होती. ती माझ्या पाठीला टोचत होती, आणि मी मुद्दाम थोडा मागे सरकून बसलो.

चौकात उमरेडची बस उभीच होती. सर चढले, खिडकीजवळची जागा मिळाली. मी खाली उभा. बस सुटायला वेळ होता, म्हणून माणसं जे बोलतात ते बोललो.

"येतो सर एकदा उमरेडले. वहिनींच्या हातचं जेवायले."

"कधी?"

"सून," मी म्हणालो. गंमत म्हणून म्हणालो, का सवयीने, देव जाणे. तोंडातून निघाल्यावर मला माझाच राग आला; उमरेडला मी अजून जाऊनच राहिलो आहे.

सरांनी खिडकीतून वाकून माझ्याकडे पाहिलं. बऱ्याच वर्षांनी त्यांच्या डोळ्यांत तो चार नंबरच्या वर्गातला माणूस दिसला.

"कोणतं गा?" ते म्हणाले. "जुनं का नवीन?"

"जुनं सर. जुनं."

कंडक्टरने घंटी मारली. बस हलली. मी हात वर केला. सरांनी केला नाही. त्यांनी मनगट वळवलं आणि घड्याळात पाहिलं.